भाजीची गाडी संध्याकाळी साडेसातला हवी

वस्तीतल्या बायकामुलांच्या अंगात रक्त कमी आहे असं कुठल्याशा तपासणीत निघालं की सगळ्यात आधी आहारतज्ज्ञाचं व्याख्यान ठरतं. समाजमंदिरात सतरंज्या पडतात, भिंतीवर रंगीत ताटाचं चित्र लागतं, पालक, गाजर, दूध, अंडी यांची नावं घेतली जातात आणि शेवटी चहा-बिस्किटं होतात. बायका मुकाट ऐकून घेतात. पालक चांगला हे ठाऊक नसलेली बाई मला अजून भेटायची आहे. तिची अडचण दुसरीच असते. साडेसातला कामावरून परतल्यावर कोपऱ्यावर पालक असतो का? असलाच तर सकाळपासून उन्हात सुकलेला असतो का? आणि हातातल्या वीस रुपयांत दोन पोरांचं पोट भरेल असं त्याच कोपऱ्यावर दुसरं काय मिळतं?

हा लेख व्याख्यानाचा हॉल ठरवण्याआधी वाचावा अशांसाठी आहे: बचत गटाच्या ताई, गणेश मंडळातली पोरं, चाळ कमिटीतले निवृत्त काका, शेजारच्या मोठ्या सोसायटीतली काही करू पाहणारी मंडळी. उदाहरणं बहुतेक मुंबईच्या एम-पूर्व विभागातली, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, वाशी नाका या भागांतली घेतली आहेत. मुंबईच्या 2009 सालच्या मानवी विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत हा विभाग तळाला होता. पुण्या-नागपूरच्या वस्त्यांत गावांची नावं बदलतील, गणित फारसं बदलणार नाही.

ते गणित आधी मांडू. अन्नसुरक्षा कायदा 2013 सालचा. त्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळतं आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पाच किलोला तीस दिवसांनी भागा: रोजचे साधारण 165 ग्रॅम. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सुचवलेलं दिवसाचं ताट बघा: 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, शिवाय दूध आणि थोडे दाणे-तेलबिया. म्हणजे रेशनमधून धान्याचा दोन-तृतीयांश वाटा सुटतो. डाळ, भाजी, फळ, दूध या सगळ्यासाठी बाजारातच जावं लागतं. तामिळनाडूत रेशनवर तूरडाळ मिळते. आपल्याकडे नेहमीच्या रेशनमध्ये गहू आणि तांदूळच. पोट भरतं, रक्त वाढत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत आणि पाच वर्षांखालच्या दोन-तृतीयांशांहून अधिक मुलांत रक्तक्षय आढळला, त्यात नवल कसलं?

चौघांच्या घराला 400 ग्रॅमच्या हिशेबानं रोज एक किलो सहाशे ग्रॅम भाजी लागेल. हा आकडा घेऊन वस्तीत जाऊ नका. माणशी रोज एक वाटी भाजी आणि एक मूठ कडधान्य आजच्यापेक्षा जास्त, एवढं उद्दिष्ट धरा. तेवढं झालं तरी पुष्कळ झालं, आणि ते होण्याजोगं आहे.

आधी फिरा, मग बोला

पहिलं काम वही घेऊन फिरण्याचं. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी सातनंतर आणि एकदा महिनाअखेरीला. महिनाअखेर विसरू नका. पाच तारखेला दिसणारी वस्ती आणि पंचवीस तारखेला दिसणारी वस्ती या दोन निराळ्या वस्त्या असतात.

वहीत काय लिहायचं? भाजीवाला किती वाजता येतो आणि कधी उठतो. पालेभाजीची जुडी, अंडं, डझन केळी, पाव किलो तूरडाळ यांचा तिथला भाव आणि जवळच्या मोठ्या मंडईतला भाव. किराणावाला उधारी देतो का आणि कोणत्या मालावर देतो. (बहुधा तो तेल, साखर, चहा आणि पाकिटांवर देतो; भाजीवाल्याला उधारी परवडत नाही. महिनाअखेरीला मुलांच्या हातात दहाचं वेफर्सचं पाकीट का दिसतं याचं अर्धं उत्तर इथंच आहे.) नळाला पाणी किती वाजता येतं, कारण भाजी धुवायला आणि कडधान्य भिजवायला पाणी लागतं आणि विकतच्या कॅनचं पाणी त्यासाठी कोणी खर्च करत नाही. गॅस सिलिंडर घरच्या नावावर आहे की चोरवाटेनं जास्त पैसे देऊन भरून आणला जातो. रेशन दुकान कोणत्या दिवशी, किती वेळ उघडं असतं.

आणि बायकांना एकच प्रश्न विचारा: काल रात्री काय शिजवलं आणि का? ‘का’चं उत्तर महत्त्वाचं. ‘वेळ नव्हता’, ‘गॅस संपत आलाय’, ‘पोरं खात नाहीत’, ‘तिथवर जायला रिक्षाचे वीस रुपये’ या चार उत्तरांवर चार वेगळे उपाय आहेत. सगळ्यांवर मिळून एकच पत्रक काढणाऱ्यांनी हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

निव्वळ दुकान जवळ आणून भागत नाही, हे अमेरिकेनं अनुभवलं आहे. तिथल्या गरीब मोहल्ल्यांत ताजं अन्न मिळत नाही म्हणून सुपरमार्केटं उघडायला सरकारी मदत देण्यात आली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी घरोघरच्या खरेदीची आकडेवारी तपासली, तेव्हा नवं दुकान आल्यानं लोकांच्या पिशवीतल्या वस्तू फारशा बदलल्या नव्हत्या. अंतर हा प्रश्नाचा एक तुकडा आहे. वेळ, हातातली रोकड आणि चूल हे बाकीचे तुकडे आहेत.

भाजीवाल्याला टिकवा

मानखुर्दनंतर हार्बर लाइनवरचं पुढचं स्टेशन वाशी. मुंबईची घाऊक भाजी बाजारपेठ 1996 पासून तिथं, खाडीच्या पलीकडे आहे. म्हणजे मुंबईची बरीचशी भाजी मानखुर्दच्या दारावरून पुढे जाते. तरी मानखुर्दच्या गल्लीत ती चांगली आणि स्वस्त मिळेलच याची खात्री नाही. घाऊक बाजारात पालेभाजी शेकड्यानं जाते, टोमॅटो क्रेटनं, वांगी-भेंडी गोणीनं किंवा पाटीनं. ज्याच्या गाडीवर रोज दोन-तीन हजारांचा माल, त्याला एकट्याला हे झेपत नाही. मग तो मधल्या माणसाकडून घेतो. तिथं भाव चढतो आणि मालही निवडून उरलेला मिळतो.

म्हणून सगळ्यात फळ देणारं काम हे: आपल्या वस्तीतले पाच-सहा भाजीवाले एकत्र बसवा. पहाटे एकानं बाजारात जायचं, सगळ्यांचा माल एकत्र घ्यायचा, टेम्पोचं भाडं वाटून घ्यायचं, पाळी बदलत ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. अडतं विश्वासावर. ‘त्यानं स्वतःला चांगला माल ठेवला’ ही पहिली तक्रार आठवड्याच्या आतच येते. त्यावर जुना उपाय चांगला: ज्यानं माल वाटला त्यानं आपला वाटा शेवटी उचलायचा. बाजाराची पावती सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची.

भांडवलाचं दुखणं त्याहून जुनं. सकाळी नऊशे घ्यायचे आणि संध्याकाळी हजार द्यायचे, हा व्यवहार फेरीवाल्यांत सर्रास चालतो. दिवसाला शंभर रुपये व्याजात गेले की ते पालकाच्या जुडीतूनच निघणार. 2020 साली सुरू झालेली पंतप्रधान स्वनिधी योजना नेमकी याच्यासाठी आहे. पहिलं कर्ज आधी दहा हजारांचं होतं, 2025 मध्ये ते पंधरा हजार झालं. वेळेवर फेडलं की पंचवीस आणि पुढे पन्नास हजार. तारण लागत नाही, नियमित फेडणाऱ्याला व्याजात सात टक्के सवलत मिळते. ज्याच्याकडे विक्री प्रमाणपत्र नाही त्याला पालिकेचं शिफारसपत्र लागतं, आणि तिथंच गाडी अडते. फॉर्म भरून देणारा, आधारला मोबाइल जोडून देणारा, बँकेत सोबत बसणारा एक तरुण मंडळानं दिला तर एखाद्या गल्लीतल्या भाजीचा भाव उतरू शकतो. वर्षातून एकदा भंडारा घालणाऱ्या मंडळांना माझं हेच सांगणं असतं: पुण्य इथंही आहे, आणि वर्षभर आहे.

मग फेरीवाल्यांचा माल उचलणारी पालिकेची गाडी. 2014 चा पथविक्रेता कायदा फार कमी फेरीवाल्यांना पाठ असतो; कार्यकर्त्यांना तर असायलाच हवा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनीच निवडून दिलेले असायला हवेत. माल उचलला तर त्याची यादी करून प्रत द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या त्याच दिवशी सोडावा लागतो, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. प्रत्यक्षात हे सगळं रखडत, अडखळत चालतं. तरी ‘यादी द्या’ एवढे दोन शब्द ठामपणे म्हणणारा माणूस शेजारी उभा असला की टोपली परत मिळण्याची शक्यता वाढते.

शेजारच्या टॉवरमधल्या वाचकांनाही एक सांगायचं आहे. फेरीवाल्यांविरुद्ध वॉर्ड ऑफिसात तक्रार करताना ती गाडी कोणाला भाजी विकते हे एकदा बघा. तुमची भाजी ॲपवरून दहा मिनिटांत घरी येते. पलीकडच्या पुनर्वसन इमारतीत 225 चौरस फुटांच्या घरात राहणाऱ्या, फ्रिज नसलेल्या बाईला रोजची भाजी रोजच घ्यावी लागते, आणि दहाचा वाटा फक्त गाडीवर मिळतो.

वेळेचा प्रश्न सोडवायला पैसाही फारसा लागत नाही. भाजीवाला दुपारी उठतो कारण सावली नाही, आणि संध्याकाळी लवकर जातो कारण दिवा नाही. मोठी छत्री, एका दुकानातून घेतलेली दिव्याची जोडणी, शिंपडायला बादलीभर पाणी. एवढं मिळालं तर तो साडेनऊपर्यंत थांबेल. बदल्यात त्याला अट एकच घाला: संध्याकाळी साडेसातनंतर पालेभाजी असायला हवी. उतरत्या भावात दिली तरी चालेल.

शेतकरी आठवडे बाजार हा दुसरा मार्ग. 2016 मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि कृषी पणन मंडळाच्या मदतीनं संत सावता माळी यांच्या नावानं शहरांत आठवडे बाजार उभे राहिले. ते भरतात मात्र मध्यमवर्गीय वसाहतींत, कारण शेतकऱ्याचा माल तिथं दोन तासांत संपतो. इथं ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्ती शहराची युक्ती उपयोगी आहे. 1993 नंतर तिथल्या पालिकेनं भाजीविक्रेत्यांना शहरातल्या मोक्याच्या जागा दिल्या, पण दोन अटींवर: ठरावीक वस्तू ठरवलेल्या कमी भावात विकायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन गरीब वस्त्यांत जायचं. आपल्याकडेही नगरसेवकाकडे मागणी करायची तर ‘आमच्याकडे बाजार भरवा’ एवढीच करू नका. ‘ज्यांना चेंबूर-मुलुंडला जागा देता, त्यांना आमच्याकडे एक संध्याकाळ यायला लावा’ अशी करा.

कडधान्याची भिशी

भाजी रोज लागते, कडधान्य टिकतं. म्हणून ते एकत्र घ्यायला सगळ्यात सोपं. मराठी माणसाला हे शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. नायगावात गिरणी कामगारांनी 1948 साली अपना बाजार उभा केला. सत्तरच्या दशकात मुंबई ग्राहक पंचायतीनं शेजारच्या कुटुंबांचे संघ केले: यादी आधी द्यायची, महिन्याचा माल एका घरी उतरायचा, तिथून सगळ्यांनी आपापला न्यायचा. ही पद्धत आजही चालते. पण ती महिन्याच्या पगारावर बेतलेली आहे. नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्याच्या हातात महिन्याच्या किराण्याची रक्कम एकदम कधीच नसते. त्याला पन्नास ग्रॅम तेल आणि पाव किलो डाळ सुटी घ्यावी लागते आणि सुट्या मालाला किलोमागे जास्त मोजावे लागतात. गरिबाला महाग पडतं ते असं.

भिशी मात्र प्रत्येक वस्तीत चालते. तिलाच थोडं वळण द्या. पंधरा घरांनी रोज दहा रुपये बाजूला काढले तर आठवड्याला एक हजार पन्नास जमतात. त्यात मटकी, मसूर, चवळी, हरभरे, शेंगदाणे असा मिळून दहाएक किलो माल ठोक दुकानातून येतो. वाटणी केली की घरामागे रोज शंभरेक ग्रॅम कोरडं कडधान्य. मोड आले की तेच दुपटीच्या वर फुगतं. पैसे रोज संध्याकाळी गोळा करायचे, आठवड्यानं नाही, कारण आठवडाभर घरात पैसा टिकत नाही. एखाद्या दिवशी कोणी चुकलं तर चालेल, पण वहीत लिहायचंच. उधारी द्यायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा. नात्यागोत्यात तो नंतर करता येत नाही.

माल उतरवायला जागा कुठली? पुनर्वसन इमारतींत सोसायटीचं ऑफिस, बालवाडी आणि कल्याण केंद्र यांच्यासाठी खोल्या ठेवाव्या लागतात. अनेक ठिकाणी त्यांना कुलूप असतं किंवा कोणाचं तरी गोदाम झालेलं असतं. ती खोली सभासदांची आहे. सभेत विषय घेऊन तिची चावी मागा.

शिजलेलं अन्न

‘पोरं खात नाहीत’ यावर पाककृती हा उपाय आहे, पण ‘वेळ नव्हता’ यावर नाही. दहा तास काम आणि दोन तास प्रवास करून आलेल्या बाईला मोडाची उसळ सुचवणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं. तिला कोपऱ्यावर तयार पोळी-भाजी हवी.

सरकारी योजनांचा अनुभव इथं संमिश्र आहे. 1995 साली एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. काही वर्षांत भाकरी गेली आणि स्टॉल राहिले, त्यांवर वडापाव-चायनीज सुरू झालं. जानेवारी 2020 मध्ये शिवभोजन थाळी आली: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. टाळेबंदीत तिनं अनेकांना जगवलं. पण केंद्रचालकाचा धंदा अनुदानावर उभा, आणि अनुदान रखडलं की पहिली बारीक होते ती भाजी. तुमच्याजवळ केंद्र चालू असेल तर लोकांना तिकडं पाठवा, फळ्यावर दिवसाचा पदार्थ आणि वेळ लिहिली आहे का बघा. पण वस्तीचं जेवण एकट्या त्याच्यावर सोडू नका.

टिकलं ते बायकांनी स्वतःच्या मिळकतीसाठी चालवलेलं. गिरणगावात कामगारांना डबे घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराच्या हातून सोडवलं. त्याच वळणावर आज बचत गटाचं पोळी-भाजी केंद्र उभं राहू शकतं. पोळी-भाकरी विकून गाडा चालतो. भाजी, उसळ, आमटी त्याच्या जोडीनं खपते. सुरुवातीला आठवडाभराचा मेनू नको, रोज एक उसळ आणि एक पालेभाजी पुरे. अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करून घ्या. लहान व्यवसायाला वर्षाला शंभर रुपये लागतात. आणि वडापावच्या गाडीशी भांडू नका. त्याच गाडीवाल्याला उकडलेली अंडी, भिजवलेले चणे, केळी ठेवायला सांगा. तो ठेवतो, कारण त्याला विकायचं असतं, मग ते काहीही असो.

शाळेच्या दारातही हेच. 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत तेल, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकायचे नाहीत. नियमावर बोट ठेवून म्हाताऱ्या बाईची टोपली उठवण्यापेक्षा त्या टोपलीत पेरू, काकडी, बोरं, आवळे, चिक्की येतील असं बघा. मुलांना मीठ-तिखट लावलेला पेरू आवडत नाही असं कोण म्हणतं?

चुलीचं थोडं

पाककृतींची पुस्तकं पुष्कळ आहेत, म्हणून इथं दोनच गोष्टी. फ्रिज नसलेल्या घरात टिकणारं आणि अंगी लागणारं अन्न कोणतं याची यादी आपल्याच आज्या करून गेल्या आहेत: सुकट, जवळा, सुके बोंबील, शेंगदाण्याचं कूट, जवस-कारळ्याची चटणी, नाचणीचं पीठ, कुळीथ. जवळा कवचासकट खाल्ला जातो, त्यामुळे कॅल्शियमही पोटात जातं. शेवग्याचा पाला तर बऱ्याच ठिकाणी फुकट असतो. थालीपिठात किंवा डाळीत घातला की पोरांना कळतही नाही. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर लगेच नको, म्हणजे लोह अंगी लागतं.

दुसरी गोष्ट गॅसची. रात्री भिजवलेलं कडधान्य कुकरमध्ये अर्ध्या वेळात शिजतं. ज्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नाही त्यांच्यासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर अधिकृतपणे मिळतो. काही पेट्रोल पंपांवर आणि किराणा दुकानांतही. उज्ज्वला योजनेत स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालतं. हे अनेकांना ठाऊक नसतं आणि ते चोरून भरलेल्या गॅसला जास्त पैसे देत राहतात.

गच्चीवरच्या भाजीबद्दल मला नेहमी विचारलं जातं. छंद म्हणून उत्तम. कढीपत्ता, पुदिना, मिरची, फार तर क्रेटमध्ये मेथी. पण कचराभूमीला लागून असलेल्या मातीत किंवा नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी लावू नका, आणि चार कुंड्यांचे फोटो काढून वस्तीचा प्रश्न सुटला असं जाहीर करू नका.

हक्काचं मागून घ्या

सर्वोच्च न्यायालयानं 13 डिसेंबर 2006 रोजी दिलेला एक आदेश प्रत्येक वस्तीच्या कार्यकर्त्यानं जवळ ठेवावा. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी लागते. झोपडपट्ट्यांचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. मुलांची नावं, वय आणि आईच्या सहीची यादी करा, आणि ती एकात्मिक बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्या. शहरात जागेचं भाडं हे अडथळ्याचं नेहमीचं कारण असतं. मघाशी म्हटलेली बालवाडीची बंद खोली अर्जातच सुचवा.

अंगणवाडी असेल तर तिथं काय मिळायला हवं हे बायकांना कळू द्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ताजं शिजलेलं, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार, आणि रोज किमान 500 उष्मांक व 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं. गरोदर आणि स्तनदा आईला 600 उष्मांक. दंडघेर मोजायची पट्टी सेविकाताईंकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पाककृतीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

रेशनचं असं. शहरात वार्षिक उत्पन्न 59 हजारांच्या आत असलेलं कुटुंब महाराष्ट्रात प्राधान्य गटात बसू शकतं. पण नुसतं केशरी कार्ड असून भागत नाही. त्यावर अन्नसुरक्षेचा शिक्का आहे का, ई-केवायसी झालं आहे का, नव्या बाळाचं आणि नव्या सुनेचं नाव चढलं आहे का, हे कार्ड हातात घेऊन बघा. गावचं कार्ड असलेल्यांना मुंबईतल्या दुकानातही धान्य मिळतं. इथं राहणाऱ्यांनी आपला वाटा इथं उचलायचा, गावी राहिलेल्यांनी त्यांचा तिथं. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला तर 1967 वर तक्रार नोंदवा किंवा शिधावाटप कार्यालयात लेखी द्या. कायद्यानं प्रत्येक दुकानासाठी दक्षता समिती असायला हवी. तिच्यावर कोण आहे हे विचारा; बहुतेकदा दुकानदारालाही सांगता येत नाही. मग आपल्या गल्लीतल्या दोन बायकांची नावं सुचवा.

हे सगळे अर्ज साध्या कागदावर, मराठीत, दोन प्रतींत करा. टेबलापलीकडचा माणूस ‘ठेवून जा, बघतो’ म्हणेल. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.